पान सतरावरच्या काकू

लघुउद्योग साहाय्य केंद्राने छापलेल्या ‘उभारी’ या पुस्तिकेच्या सतराव्या पानावर एका बाईंचा फोटो आहे. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा नाकाच्या मध्यावर घसरलेला, अंगात निळा ॲप्रन आणि उजवा हात एका पंचिंग मशीनवर. हात नीट पाहिला तर कळते की तो टेकलेला नाही. दुसऱ्याच्या नव्या गाडीवर आपण ठेवतो तसा बोटांच्या टोकांनी ठेवला आहे, कोणी हटकले तर लगेच उचलता येईल असा. फोटोखाली छापले आहे : ‘केंद्राच्या अर्थसाहाय्यातून घेतलेल्या यंत्रामुळे उत्पादन चौपट.’

पुस्तिका छापून आली त्या दिवशी बाईंकडे यंत्र नव्हते. अर्थसाहाय्य नव्हते. ॲप्रनही त्यांचा नव्हता. उत्पादन होते, पण ते एकपटच होते.

बाईंना सगळे काकू म्हणतात. धंदा पुठ्ठ्याची खोकी करण्याचा. गल्लीतल्या लाँड्रीच्या मागे एक लांबट खोली आहे. तिथे त्या आणि त्यांची थोरली नणंद एकोणीस वर्षे खोकी करत आल्या आहेत. खोलीची एक भिंत लाँड्रीशी सामाईक आहे. पलीकडे दिवसभर इस्त्र्या चालू असतात, त्यामुळे ती भिंत कोमट राहते आणि तिच्याकडेला रचलेली खोकी दुपारपर्यंत वाळतात. भाडे ठरवताना घरमालकाने या उबेचे वेगळे पैसे लावले नाहीत. काकूंच्या मते व्यवहारात त्याने केलेली ही एकमेव चूक.

काम सांगायला सोपे आहे. राखाडी पुठ्ठ्याचा ताव टेबलावर पसरायचा, पोलादी पट्टी लावून बोथट सुरीने घडीच्या रेघा ओढायच्या, कोपरे कापायचे, बाजू उभ्या करायच्या आणि कोपऱ्यांवर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या. खळ नणंद करते. मैद्याखेरीज तिच्यात काय घालते ते सांगत नाही, काकूंनाही नाही. दोघी मिळून दिवसाला नव्वद खोकी होतात. नणंदेची पाठ दुखत नसेल तर शंभर.

खोके चांगले झाले की नाही हे ओळखायची काकूंची एक परीक्षा आहे. झाकण वर नुसते टेकवायचे आणि हात काढून घ्यायचा. आतली हवा चारी बाजूंनी सोडत ते सावकाश, स्वतःच्या वजनाने खाली गेले पाहिजे. टप्कन पडले तर खोके ढिले, मध्येच अडले तर घट्ट. गिऱ्हाइकाला याचा पत्ता नसतो. काकूंनी मात्र या परीक्षेशिवाय एकही खोके खोलीबाहेर जाऊ दिलेले नाही.

दहांतली आठ खोकी एकाच माणसाकडे जायची. तीन गल्ल्या पलीकडे शाळेचे काळे बूट बनवणारा एक कारखाना आहे, त्याचे मालक. काकू त्यांना बूटवाले म्हणतात. एरवी खोकी न्यायला त्यांचा हातगाडीवाला येतो. त्या दिवशी ते स्वतः आले, तेव्हाच काकूंनी सुरी खाली ठेवली.

बूटवाल्यांच्या हातात पुठ्ठ्याचा एक कापलेला सपाट तुकडा होता. त्यांनी तो इथून दुमडला, तिथून खोचला आणि तीन हालचालींत त्याचे खोके झाले. खळ नाही, पट्टी नाही.

“काकू, आता असं लागणार. दुकानदार म्हणतात, तुमची गाडी अर्धी हवेनंच भरून येते. हे सपाट पाठवायचं, घडी तिथं घालायची.”

काकूंनी ते उलटसुलट पाहिले. “याचं झाकण कुठाय?”

“हे काय. जोडलेलंच आहे.”

“म्हणजे हे बसत नाही. नुसतं मिटतं.”

“अहो काकू, पोरांना बूट हवेत. झाकण कसं बसतं ते कोण बघतंय?”

“मी बघते.”

“ते माहितीये, म्हणून तर आधी तुमच्याकडे आलो.” बूटवाले स्टुलावर बसले. “चार महिने आहेत. शाळा उघडायच्या आधी पहिली दोन हजार लागतील. तुमच्याकडून झालं तर सोन्याहून पिवळं. नाही झालं तर दुसरीकडे जावं लागेल, आणि एकदा घडी बसली की मी परत येणार नाही. तोंडावर सांगितलेलं बरं.”

ते गेल्यावर काकूंनी तो नमुना उलगडून पट्टीने मोजला. एवढ्या वळणांचे काप हाताने काढायचे तर दिवसाला वीस झाले असते. घरी नवऱ्याला दाखवला. नवरा बस डेपोतला निवृत्त फिटर. आयुष्यभर इंजिनांच्या आवाजात काम केल्यामुळे असेल, बोलणे कमी. त्यांनी नमुना उजेडात धरला आणि म्हणाले, “मशीन लागेल.”

एवढे बोलून ते जेवायला बसले.

साहाय्य केंद्र म्हणजे एका दुमजली इमारतीचा वरचा मजला. जिन्यात ‘तुमचे स्वप्न, आमची साथ’ अशी पाटी, आणि पाटीखाली बंद पडलेला पाण्याचा कूलर. तिथले मार्गदर्शन अधिकारी चाळिशीच्या आतले, सौम्य, समोरच्याला खुर्ची देऊन मग बोलणारे. त्यांना खरोखरच मदत करायची होती. ते वाईट असते तर काकूंनी पहिल्याच आठवड्यात नाद सोडला असता.

“ताई, तुमची केस एकदम योग्य आहे,” ते म्हणाले. “ऑर्डर हातात, अनुभव एकोणीस वर्षांचा. अशा लोकांसाठीच तर योजना आहे.”

अर्जासोबत एकवीस कागद लागत. एकविसावा होता ‘खरेदी केलेल्या यंत्रासह अर्जदाराचे छायाचित्र’. हा कागद अर्थातच यंत्र घेतल्यानंतर द्यायचा. पण फाइली जिथे स्वीकारत त्या खिडकीवरच्या बाईंना तिथे बावीस वर्षे झाली होती, आणि त्यांची स्वतःची एक पद्धत होती.

“काकू, एकविसावा आत्ताच लावून टाका.”

“पण मशीन आलेलं नाही अजून.”

“म्हणूनच सांगते. मशीन आल्यावर तुम्ही ते चालवाल की फोटो घेऊन जिने चढाल? मागून मागतातच. मग फाइल अडते. आधी लावला की अडत नाही.”

‘अडत नाही’ हे शब्द त्या मजल्यावर फार मोलाचे होते. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र प्रशिक्षणाआधी, उद्घाटनाचा फोटो जागा भाड्याने घेण्याआधी लावणे हा तिथला शिरस्ता होता. कोणाची फसवणूक व्हावी म्हणून नाही. लोकांचे हेलपाटे वाचावेत म्हणून. ती एक प्रकारची माया होती.

काकू मशीनच्या दुकानात गेल्या. पंचिंग मशीन त्यांनी प्रथमच जवळून पाहिले. पुस्तक मिटावे तशा दोन जाड लोखंडी पाट्या एकमेकींवर येत, मध्ये ठेवलेला पुठ्ठा एका दाबात कापला जाई आणि घड्याही पडत. काकू फोटोचे कसे विचारावे याची मनात जुळवाजुळव करत होत्या, तेवढ्यात विक्रेताच म्हणाला, “केंद्राच्या फोटोसाठी ना? या बाजूला उभ्या राहा, उजेड चांगला आहे. ॲप्रन तिथं खुंटीला आहे. सगळे तोच घालतात.”

फाइल अठराव्या दिवशी पूर्ण झाली. खिडकीवरच्या बाईंच्या आठवणीत इतक्या लवकर कोणाची झाली नव्हती. काकू आनंदाने खोलीवर आल्या.

“फाइल पूर्ण झाली, वन्सं!”

नणंदेने खळीचा डबा ढवळणे थांबवले नाही. “म्हणजे काय झालं?”

“पूर्ण झाली.”

“आणि मशीन?”

“ते यायचंय.”

“मग अपूर्ण काय राहिलं ते तूच ठरव. ही पट्टी धर.”

पुढे जे झाले त्यात कोणाचाच हेतू वाईट नव्हता. केंद्राच्या मुख्य कार्यालयात प्रसिद्धी विभाग असतो. त्याला महिनाअखेर वीस यशोगाथा हव्या होत्या. ज्यांना खरोखर यंत्रे मिळाली होती, ते ती चालवण्यात गुंतलेले असल्यामुळे त्यांचे फोटो आलेले नव्हते. त्यांच्या फाइली अपूर्ण होत्या. काकूंची पूर्ण होती. प्रकल्प अहवालात त्यांनी ‘अपेक्षित उत्पादन : चौपट’ असे लिहिले होते. पानावर जागा कमी पडली म्हणून ‘अपेक्षित’ गाळले गेले.

अधिकाऱ्यांनी फोन केला. आवाजातूनच हसू ऐकू येत होते. “ताई, अभिनंदन!”

“मंजूर झालं?”

“त्याहून मोठी गोष्ट. तुमची निवड झाली!”

निवड कशासाठी हे काकूंना सभागृहात पोचल्यावर समजले. पुस्तिकेचे प्रकाशन होते आणि यशस्वी उद्योजिका म्हणून त्यांना मंचावर बसवले होते. त्यांनी सतरावे पान उघडले, वाचले, आणि शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिले. अधिकारीही तेच पान वाचत होते. त्यांचा चेहरा उतरला.

“साहेब, हे काय?”

“ताई, आत्ता काही बोलू नका... म्हणजे बोला, दोन शब्द बोला. वरिष्ठ समोर आहेत. फाइल त्यांच्याच टेबलावर आहे. ओळख झाली तर बरंच होईल.”

काकूंनी माइक हातात घेतला. भाषण त्यांना येत नव्हते, म्हणून जे होते ते सांगितले.

“नमस्कार. मला मशीन अजून मिळालेलं नाही.”

सभागृहात हशा पिकला.

“खरंच नाही मिळालं. फोटोतलं मशीन दुकानातलं आहे. ॲप्रनसुद्धा.”

टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेतल्या काही लोकांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या; त्यांनीही बहुधा तोच ॲप्रन घातला असावा. वरिष्ठांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि समारोपात म्हणाले की, संकटातही विनोदबुद्धी शाबूत ठेवणारा उद्योजकच पुढे जातो, या ताईंकडून शिकण्यासारखे आहे.

सन्मानचिन्ह काचेचे होते आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात होते. खोलीवर येताच काकूंनी आधी खोक्याचे झाकण टेकवून हात काढला. ते टप्कन पडले.

“ढिलं,” काकू म्हणाल्या.

“आत काय आहे?” नणंदेने विचारले.

“काच. माझं नाव आहे तिच्यावर.”

“बरोबर लिहिलंय?”

“आडनाव बरोबर आहे.”

वरिष्ठांना काकू फार आवडल्या होत्या. पुढच्या महिनाभरात त्यांना आणखी चार ठिकाणी बोलावले गेले : एक मेळावा, एक महाविद्यालय, दोन कार्यशाळा. दर वेळी अधिकारी म्हणत, “ताई, एवढ्या वेळी या, या वेळी मी बोलतोच.” काकू दर वेळी मशीन मिळाले नसल्याचे सांगत आणि दर वेळी लोक पोट धरून हसत. तिसऱ्या वेळी तर सूत्रसंचालकाने आधीच सांगून टाकले, “आता ताई त्यांचा तो प्रसिद्ध मशीनचा किस्सा सांगतील.” काकू बाहेर असल्या की त्या दिवशी नणंदेच्या हातची पंचेचाळीसच खोकी होत.

“तुझं यश फार महागात पडतंय गं,” नणंद म्हणाली. “जरा कमी यशस्वी हो.”

अकराव्या आठवड्यात पत्र आले. काकूंनी ते चष्मा वर सरकवून वाचले, मग खाली सरकवून वाचले. ‘सदर अर्जदारांनी योजनेचा लाभ यापूर्वीच घेतल्याचे उपलब्ध नोंदींवरून दिसून येते (पाहा : ‘उभारी’, पान १७). एका अर्जदारास एकदाच लाभ देय असल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’

अधिकाऱ्यांनी पत्र दोनदा वाचले. त्यांचे कान लाल झाले होते.

“ताई, ही चूक आहे.”

“हो.”

“पण छापलेली आहे.”

मग त्यांनी नियमांचे पुस्तक काढले आणि बराच वेळ पाने उलटून एक वाट शोधली. काकूंकडे यंत्र नाही अशी प्रत्यक्ष पाहणी झाली तर पुस्तिकेतली नोंद दुरुस्त करता येईल. त्यांनी तिथेच विनंती अर्ज लिहिला, स्वतः खाली जाऊन आवक शिक्का मारून आणला. चार दिवसांत पाहणी निरीक्षक खोलीवर आले. केंद्राच्या इतिहासात हीही बहुधा विक्रमी वेळ असावी.

निरीक्षकांकडे एक छापील तक्ता होता. यंत्राचा प्रकार, क्रमांक, आणि शेवटी ‘स्थिती : चालू / बंद’. नको तो शब्द खोडायचा. तिसरा शब्द नव्हता.

“मशीन कुठंय?” त्यांनी विचारले.

“नाही,” काकू म्हणाल्या.

“नाही म्हणजे? बंद आहे?”

“नाही म्हणजे नाहीच. कधी नव्हतंच.”

निरीक्षकांनी तक्ता पाहिला, खोली पाहिली, पुन्हा तक्ता पाहिला. “पण चालू तर नाही ना?”

“नसलेलं कसं चालू असेल?”

“मग झालं तर.” त्यांनी ‘चालू’ खोडले.

“रंग कोणता लिहिलात?” कोपऱ्यातून नणंदेने विचारले.

“त्याला रकाना नाही,” निरीक्षक गंभीरपणे म्हणाले आणि सही घेऊन गेले.

अशा रीतीने काकूंचे नसलेले मशीन सरकारी नोंदीत बंद पडले. काकू पुन्हा वर गेल्या तेव्हा अधिकाऱ्यांनी अहवाल वाचून कपाळावर हात मारला, आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

“ताई, एक मिनिट. बंद यंत्रांच्या दुरुस्तीसाठी वेगळी योजना आहे. आधीच्या लाभार्थींसाठीच आहे. तुम्ही पात्र आहात! इथं सही करा, बाकीचं मी बघतो.”

“साहेब, जे नाहीच ते बिघडलं कसं?”

“कागदावर आहे ना.”

“मग दुरुस्तही कागदावरच करून टाका. मी कशाला सही करू?”

“ताई, तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय. पैसे येतील. त्यात थोडे घालून...”

“नको.” काकूंनी पेन त्यांच्या बाजूला सरकवले. “एकविसाव्या कागदानं एवढं केलं. बाविसावा नको.”

तारखेला साडेचार आठवडे उरले होते. काकू उठल्या. निघताना व्हरांड्यात भिंतीला लागून रचलेले गठ्ठे त्यांना दिसले. ‘उभारी’च्या जुन्या वर्षांच्या प्रती, दोऱ्या न सोडलेल्या.

“या रद्दीचं काय करता?”

“ही रद्दी नाही ताई, प्रकाशनं आहेत,” अधिकारी म्हणाले. मग त्यांनीही गठ्ठ्यांकडे पाहिले. “काही करत नाही.”

“मुखपृष्ठ चांगलं जाड आहे. बूटवाल्यांच्या घडीचा नमुना बसवतेय, नवा पुठ्ठा वाया जातो. दोन गठ्ठे द्याल?”

केंद्राकडून काकूंनी मागितलेली आणि लगेच मिळालेली ही एकमेव गोष्ट. अधिकाऱ्यांनी दोन्ही गठ्ठे स्वतः जिन्यावरून खाली आणून दिले.

दुपारी दोघी मुखपृष्ठे फाडत बसल्या. नणंद फाडता फाडता आतले मोठ्याने वाचत होती. तिला आता या वाङ्मयाची गोडी लागली होती. “मेणबत्तीवाली, चौपट. लोणी काढणारा, तिप्पट; याला मेहनत कमी पडली. आणि हा बघ, तुझा भाऊबंद. खोकी करणारा. पंचिंग मशीन. चौपट.”

अकरा वर्षांपूर्वीची पुस्तिका. नववे पान. भरघोस मिशांचा एक माणूस मशीनपाशी उभा होता. काकूंनी पान उजेडाकडे नेले आणि त्याचा हात पाहिला. पूर्ण तळवा लोखंडावर टेकलेला होता, आणि शर्टाच्या बाहीवर तेलाचा डाग होता. ॲप्रन नव्हता.

“याच्याकडे खरोखर होतं,” काकू म्हणाल्या.

खाली पत्ता छापला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नवऱ्याला घेऊन तिथे गेल्या.

मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण माणूस तोच होता. आता तो टेम्पोने किराणा मालाची ने-आण करत होता. मशीन मागच्या खोलीत होते, चादरीखाली. चादरीवर दोन सुटकेस, एक बंद पडलेला पंखा आणि बरण्या मांडल्या होत्या.

“चालत होतं का?” काकूंनी विचारले.

“एकदा. फोटोच्या दिवशी. शेजारच्या गिरणीतून वायर ओढली होती.” त्याने बरण्या उतरवायला सुरुवात केली. “मशीनचे पैसे या खात्यानं दिले. त्याला लागणारी थ्री-फेजची वीज दुसऱ्या खात्याची. ती आली दोन वर्षांनी. तोवर मी टेम्पो घेतला.”

“टेम्पोला केंद्राचं साहाय्य मिळालं?”

“छे. म्हणून तर चालतोय.”

फिटर मशीनभोवती फिरले. गुडघ्यावर बसून खालून पाहिले, मोठे चाक दोन्ही हातांनी फिरवून पाहिले. ते अर्ध्यावर अडले. त्यांनी कान लावला, उलटे फिरवले, पुन्हा सुलटे. मग उठून हात पुसत त्यांनी त्या वर्षातले सर्वांत मोठे भाषण केले.

“गंज वरवरचा आहे. दांडा सरळ आहे. लाँड्रीवाल्यानं धुण्याचं जुनं मशीन काढून टाकलंय, त्याची मोटर बसवू. साध्या विजेवर चालेल. वेग निम्मा मिळेल.”

“निम्मा म्हणजे किती?”

“दिवसाला सहाशे.”

काकूंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. या वेळी पूर्ण तळवा.

मिशीवाल्याने भंगाराच्या भावाने मशीन दिले. निदान सुटकेस ठेवायला जागा होईल, एवढीच त्याची अपेक्षा होती. पैसे मात्र रोख हवे होते. संध्याकाळी काकू घरात हिशेब जुळवत असताना नणंद कपाटातून एक खोके घेऊन आली. काकूंनीच पूर्वी कधीतरी केलेले, कोपरे अजून शाबूत. झाकण काढले, आत एकोणीस वर्षांच्या मजुरीतून शिल्लक टाकलेल्या नोटा होत्या.

“वन्सं, हे तुमच्या म्हातारपणाचं आहे.”

“मग आता मी काय तरणी आहे? आणि उपकार नाहीत हे. अर्धं मशीन माझं. व्याजही घेणार.”

“किती?”

“सरकारपेक्षा कमी. आणि फोटो मागणार नाही.”

मशीन मिशीवाल्याच्याच टेम्पोतून आले. भाडे त्याने पुरेपूर घेतले. लाँड्रीची चार माणसे लागली, दार चौकटीसकट काढावे लागले. मशीन खोलीत उतरले त्याच दुपारी काकू साहाय्य केंद्राचे जिने चढल्या.

“साहेब, तो दुरुस्तीचा अर्ज द्या. आता मशीन आहे, आणि बंद आहे. आता सही करते.”

अधिकाऱ्यांना गहिवरून आल्यासारखे झाले. त्यांनी अर्ज तातडीचा शेरा मारून वर पाठवला.

फिटरांनी बारा दिवस लावले. डेपोतले दोन जुने सोबती येऊन गेले, एकाने बेअरिंग आणले आणि कुठून ते सांगितले नाही. तेराव्या दिवशी मोटर सुरू झाली. पहिल्या तावाला काप वाकडा आला, दुसऱ्याला कमी खोल, पाचव्याला बरोबर. नणंदेने खळीचा डबा धुऊन पालथा घातला.

ठरल्या तारखेला संध्याकाळी बूटवाले आले. दोन हजार खोकी सपाट गठ्ठ्यांत बांधून कोमट भिंतीला लागून उभी होती. भिंतीचे आता काही काम उरले नव्हते, पण माल तिथेच ठेवायची सवय होती. बूटवाल्यांनी मधल्याच गठ्ठ्यातला एक तुकडा ओढून काढला, तीन हालचालींत खोके केले, झाकण मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

“काकू, हे कुठं झालं? सरकारी मदत मिळाली म्हणतात. आमच्या कारखान्यात पुस्तिका आली होती.”

“मिळाली,” काकू म्हणाल्या. “दोन गठ्ठे.”

बूटवाल्यांना ते समजले नाही. त्यांनी पुढच्या पाच हजारांची मागणी लिहून दिली.

दुरुस्तीच्या अर्जावर पाहणी सात आठवड्यांनी झाली. तेच निरीक्षक, तोच तक्ता. खोलीच्या दारातच त्यांना मशीनचा खटखटाट ऐकू आला आणि त्यांचा चेहरा पडला.

“हे चालू आहे,” ते म्हणाले.

“बंद करू का?” नणंदेने विचारले आणि बटणाकडे हात नेला.

“तसं चालत नाही, बाई.” त्यांनी ‘बंद’ खोडले. चालू यंत्रास दुरुस्तीसाहाय्य देय नसल्याचे पत्र पुढच्या महिन्यात आले. नणंदेने ते सन्मानचिन्हाच्या ढिल्या खोक्यात ठेवले.

परवा अधिकारी स्वतः खोलीवर आले. सोबत फोटोग्राफर होता. ‘उभारी’ची नवी आवृत्ती निघते आहे. मशीन पाहून ते खरोखर खूश झाले. दोनदा त्याच्याभोवती फिरले.

“ताई, तुम्ही याही वेळी आहातच. या वेळी तरी खरा फोटो जाऊ दे. जरा हात ठेवून उभ्या राहता?”

“आत्ता नाही. पाचला गाडी यायचीय. काढायचा तर असाच काढा.”

फोटोग्राफरने तसाच काढला. त्यात काकूंची पाठ आणि अर्धा चष्मा दिसतो. हात दिसत नाहीत. ते मशीनच्या पलीकडे पुठ्ठा सरकवत होते.

“आणि साहेब, ते चौपट छापलंय ते बदला,” काकू मान न वळवता म्हणाल्या. “नव्वदाचे सहाशे झालेत. सहापटीच्या वर आहे.”

अधिकाऱ्यांनी वहीत तसे लिहून घेतले, मग थांबले आणि लिहिलेल्यावर रेघ मारली.

“ते राहू दे, ताई. तो मजकूर मंजूर झालेला आहे.”

काकूंनी मशीन थांबवले. त्यांच्या नावाने केंद्रात काहीतरी मंजूर झाल्याचे त्या प्रथमच ऐकत होत्या.